गेमिंग लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो का? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझा फोन एकाच प्रश्नासाठी वाजत राहतो. मुलगा पुण्याहून किंवा मुंबईहून गावी आलेला असतो, बॅगेत गेमिंग लॅपटॉप असतो आणि त्याचा विटेएवढा ॲडॉप्टर खोलीवरच राहिलेला असतो. घरात मोबाईलचे चार-पाच टाइप-सी चार्जर असतात. त्यातला एखादा चालेल का, एवढंच त्याला हवं असतं. मी कुडाळात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं आणि अर्धवट उत्तरावर लोक चुकीची केबल, चुकीचा कन्व्हर्टर घेऊन मोकळे होतात. म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

आधी थोडक्यात सांगा, होतो की नाही?

काही होतात, काही होत नाहीत. जे होतात ते बहुतेक ६५ ते १०० वॉट घेतात, काही नवे १४० वॉटपर्यंत. तेवढ्यावर अभ्यास, कोडिंग, सिनेमा, ऑफिसचं काम आरामात चालतं आणि बॅटरीही भरते. मोठा गेम मात्र पूर्ण ताकदीने चालत नाही. टाइप-सी हा गेमिंग लॅपटॉपसाठी दुसरा, हाताशी असलेला मार्ग आहे. कंपनीच्या मोठ्या ॲडॉप्टरची जागा तो घेत नाही, पण कोकणात राहणाऱ्याला हा दुसरा मार्ग फार उपयोगी पडतो. त्याची कारणं पुढे येतील.

माझ्या लॅपटॉपला टाइप-सीचं भोक आहे. म्हणजे चार्ज होणारच ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. टाइप-सी हे फक्त त्या चोवीस पिनांच्या जोडणीच्या आकाराचं नाव आहे. २०१४ मध्ये हा आकार ठरला. त्यातून डेटा जाईल, मॉनिटरला चित्र जाईल की लॅपटॉपला वीज मिळेल, हे कंपनीने आत काय बसवलं त्यावर ठरतं. अनेक गेमिंग लॅपटॉपांवरचं टाइप-सी डेटा देतं, मॉनिटरला चित्रही देतं, पण लॅपटॉपसाठी वीज आत घेत नाही. एकाच मालिकेत, एकाच नावाखाली, एका वर्षीच्या मॉडेलला ही सोय असते आणि आदल्या वर्षीच्याला नसते. काही लॅपटॉपांना दोन टाइप-सी असतात आणि त्यातलं एकच वीज घेतं. म्हणून मित्राचा ‘तोच’ लॅपटॉप चार्ज होतो, हा पुरावा धरू नका.

शब्दांचाही घोळ आहे. माहितीपत्रकात ‘स्लीप अँड चार्ज’ लिहिलेलं दिसलं की लोक खूश होतात. त्याचा अर्थ उलट आहे: लॅपटॉप झोपलेला असतानाही त्या पोर्टमधून तुमचा मोबाईल चार्ज होईल. तिथे वीज बाहेर जाते. तसंच पोर्टशेजारी विजेचं चिन्ह दिसलं म्हणजे चार्जिंग, असंही नाही. बाणाच्या टोकाची वीज हे थंडरबोल्टचं, म्हणजे टाइप-सी आकाराच्याच एका वेगवान पोर्टचं, चिन्ह आहे. थंडरबोल्ट ४ चा नियम एका पोर्टवर चार्जिंग सक्तीचं करतो, पण ते १०० वॉटच्या आत भागणाऱ्या पातळ, हलक्या लॅपटॉपांसाठी. गेमिंग लॅपटॉपला ती सक्ती नाही.

मग माझा घेतो का, हे नेमकं कसं ओळखायचं?

लॅपटॉप पालथा करा. खालच्या स्टिकरवर पूर्ण मॉडेल क्रमांक असतो, त्यातली शेवटची अक्षरंसुद्धा महत्त्वाची. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि पोर्टांच्या यादीत टाइप-सीसमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘पॉवर डिलिव्हरी’ (थोडक्यात ‘पीडी’, टाइप-सीवरून जास्त वीज देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत) आणि सोबत वॉटचा आकडा असेल तर बहुधा काम झालं. फक्त ‘डिस्प्लेपोर्ट’ लिहिलं असेल तर ते मॉनिटरसाठी. फक्त वेग लिहिला असेल तर डेटासाठी. शंका उरली तर वापरपुस्तिकेत पोर्टांच्या चित्राखाली पाहा. तिथे वीज आत येते की बाहेर जाते हे बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं.

उदाहरणं द्यायची तर असूसच्या आरओजी झेफिरस जी१४ च्या अलीकडच्या पिढ्या टाइप-सीवर १०० वॉटपर्यंत घेतात. लेनोव्होच्या २०२३ च्या लिजन प्रो मालिकेत मागच्या बाजूचं टाइप-सी १४० वॉटचं आहे. कमी किमतीच्या गेमिंग लॅपटॉपांत मात्र ही सोय बऱ्याचदा वगळलेली असते. नवा लॅपटॉप घेणार असाल तर दुकानदाराला हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा आणि छापील यादीत दाखवायला सांगा.

लावून पाहणं हीसुद्धा साधी परीक्षा आहे. चांगला पीडी चार्जर लावल्याने लॅपटॉपचं काही बिघडत नाही. घेणारा असेल तर दिवा लागेल, नसेल तर काहीच होणार नाही.

कंपनी २३० वॉटचा ॲडॉप्टर देते. टाइप-सी १०० वरच का अडतो?

वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. पोफळीच्या बागेतला पाट आठवा. झाडांना किती पाणी पोचेल हे दोन गोष्टींवर ठरतं: पाणी किती उंचीवरून सोडलंय आणि पाट किती रुंद आहे. उंची म्हणजे व्होल्ट, रुंदी म्हणजे अँपिअर. २३० वॉटचा गेमिंग ॲडॉप्टर साधारण २० व्होल्टला साडेअकरा अँपिअर देतो. उंची बेताची, पाट रुंद. त्यासाठी जाड वायर आणि जाड पिन लागते. टाइप-सीच्या पिना बारीक. त्यांतून ५ अँपिअरच्या वर न्यायचं नाही असा नियम आहे. म्हणून पीडीच्या जुन्या नियमात २० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, म्हणजे १०० वॉट, ही हद्द झाली.

आता खर्च बघा. मधल्या दर्जाच्या गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड एकटंच ११५ ते १४० वॉट खातं. प्रोसेसर ४५ किंवा त्याहून जास्त. स्क्रीन, पंखे, मेमरी मिळून आणखी वीस-पंचवीस. बेरीज २०० च्या पुढे जाते. शंभराच्या पाटातून दोनशेचं शिंपण होत नाही.

मग १०० वॉटवर गेम लावला तर काय होतं?

लॅपटॉप बंद पडत नाही. दोनपैकी एक होतं. काही लॅपटॉप छोटा चार्जर ओळखून ग्राफिक्स कार्डाची ताकद आपोआप कमी करतात. गेम चालतो, पण फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी पडतात. ‘टर्बो’सारखा सर्वांत जोरकस मोड कित्येक मॉडेलांत मूळ ॲडॉप्टर लावल्याशिवाय उघडतच नाही. दुसऱ्या प्रकारचे लॅपटॉप कमी पडलेली वीज बॅटरीतून ओढतात. समजा गेमला १५० वॉट लागताहेत आणि चार्जर १०० देतोय. उरलेले ५० बॅटरीतून जाणार. ८० वॉट-तासांची, म्हणजे ८० वॉट तासभर पुरवणारी बॅटरी असेल तर चार्जर लावलेला असूनही दीड तासात ती तळाला येईल. माझ्याकडे ‘चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पोरांपैकी बऱ्याच जणांचं निदान एवढंच असतं. लॅपटॉप ठणठणीत असतो.

हलके गेम, जुने गेम, फ्रेमची मर्यादा ६० किंवा ३० वर बांधून खेळलेले गेम १०० वॉटवर छान चालतात. त्यात काही कमीपणा नाही.

२४० वॉटचं टाइप-सी आलंय म्हणे. मग प्रश्न मिटला का?

नियमात मिटला, बाजारात अजून नाही. २०२१ मध्ये पीडी ३.१ आलं. त्यात पाट तेवढाच ठेवून उंची वाढवली: २८ व्होल्टला १४० वॉट, ३६ ला १८० आणि ४८ ला २४०. अँपिअर पाचच. फ्रेमवर्क कंपनीचा १६ इंची लॅपटॉप पहिल्यापासून टाइप-सीवरच चालतो आणि त्याच्या २०२५ च्या आवृत्तीबरोबर २४० वॉटचा टाइप-सी ॲडॉप्टर आला. म्हणजे गोष्ट शक्य आहे. पण चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिघांनाही ती उंची पेलली पाहिजे. तुमचा लॅपटॉप १०० वॉटवालाच असेल तर २४० चा चार्जर लावूनही तो १०० च घेणार.

युरोपियन युनियनने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपांना टाइप-सी चार्जिंगचा नियम लावायचं ठरवलं. कंपन्या वेगवेगळ्या देशांसाठी सहसा वेगळा लॅपटॉप बनवत नाहीत, त्यामुळे त्याचा फायदा आपल्यालाही होईल असं मला मनापासून वाटतं.

‘ह्या मोबाईलच्या चार्जरान लॅपटॉप चार्ज होतलो काय?’

हा प्रश्न मला याच शब्दांत येतो, म्हणून तसाच ठेवला. उत्तर चार्जरच्या अंगावर छापलेलं असतं, बारीक अक्षरात. ‘आउटपुट’च्या ओळीत २० व्होल्ट शोधा. ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ दिसलं तर तो ६५ वॉटचा पीडी चार्जर आहे आणि टाइप-सीवर वीज घेणारे बहुतेक लॅपटॉप त्यावर चार्ज होतील. ९ किंवा ११ व्होल्टवरच आकडे संपत असतील तर सोडून द्या.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. ‘८० वॉट’ लिहिलेला मोबाईलचा चार्जर त्याच कंपनीच्या फोनला आपल्या खास पद्धतीने ८० देतो. लॅपटॉप ती भाषा बोलत नाही, तो पीडी बोलतो. पीडीवर तोच चार्जर बराच कमी देतो, कधी नावापुरताच. आणि चार्जरच्या बाजूचं भोक जुनं, चौकोनी असेल तर त्यातून पीडी येतच नाही.

लॅपटॉप बंद करून ३० किंवा ४५ वॉटवर रात्रभर लावला तर बरेच लॅपटॉप हळूहळू भरतात. काही मात्र ६० वॉटच्या खालचा चार्जर सरळ नाकारतात.

चार्जर १०० वॉटचा घेतला, तरी ६० च मिळतात. असं का?

केबल. दहातले सात वेळा केबलच. साध्या टाइप-सी केबलला ३ अँपिअरची परवानगी असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. ५ अँपिअर न्यायचे तर केबलच्या टोकात एक छोटी ओळखीची चिप लागते. चार्जर आधी त्या चिपला विचारतो, उत्तर आलं नाही की ३ अँपिअरवर थांबतो. मोबाईलच्या खोक्यातली केबल वापरून लोक चार्जरला दोष देतात. नवी घेताना थेट २४० वॉटची घ्या. तिच्यावर १०० आणि १४० दोन्ही नीट चालतात. दीड-दोन मीटरहून लांब केबलचा मोह टाळा.

जास्त वॉटचा चार्जर लावला तर लॅपटॉप जळेल?

नाही. ही भीती जुन्या गोल पिनांच्या दिवसांतली आहे. त्या वेळी चुकीच्या व्होल्टचा ॲडॉप्टर लागू शकत होता, म्हणून ती योग्यच होती. टाइप-सीत चार्जर आधी ५ व्होल्टच देतो. मग दोघांचं बोलणं होतं: माझ्याकडे हे हे व्होल्ट आहेत, तुला कुठला हवा? लॅपटॉप मागतो, चार्जर होकार देतो, त्यानंतरच व्होल्टेज वाढतो. १४० वॉटचा चार्जर ६५ वॉटच्या लॅपटॉपला निर्धास्त लावा.

माझ्या लॅपटॉपला टाइप-सी चार्जिंग नाही. टाइप-सीवरून गोल किंवा चपट्या पिनेचा कन्व्हर्टर मिळतो, तो लावू का?

माझं ठाम मत: गेमिंग लॅपटॉपला लावू नका. त्या कन्व्हर्टरमध्ये एक छोटा तुकडा असतो, तो चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेतो आणि पुढे ढकलतो. लॅपटॉपच्या मूळ ॲडॉप्टरची पिन मात्र ‘मी इतक्या वॉटचा आहे’ हेही सांगत असते. कन्व्हर्टर ते खोटं सांगतो किंवा सांगतच नाही. खोटं सांगितलं तर लॅपटॉप १०० च्या चार्जरकडे २०० मागतो. चांगला चार्जर बंद पडून स्वतःला वाचवतो, हलका चार्जर तापतो. वितळलेल्या पिना मी स्वतः उपटून काढल्या आहेत. मूळ ॲडॉप्टर हरवला असेल तर त्याच वॉटचा, त्याच कंपनीचा घ्या.

पावसात लाइट जाते. इन्व्हर्टरवर गेमिंग लॅपटॉप चालवू का?

खरं सांगायचं तर याच प्रश्नामुळे मी टाइप-सीचा एवढा आग्रह धरतो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर माडाची एक झावळी तारेवर पडली तरी वाडी अंधारात जाते. वादळ आलं तर दिवस मोजावे लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्गात खांब आडवे केले. त्या काळात घरून ऑफिस आणि ऑनलाइन परीक्षा चालू होत्या. तेव्हापासून इथे जवळपास प्रत्येक घरी इन्व्हर्टरची चौकशी होते.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही काही खातो. हाती येतात साधारण १२००. दोन पंखे आणि दिवे मिळून १८० वॉट धरले तर साडेसहा-सात तास निघतात. त्यात मोठ्या ॲडॉप्टरवर गेम चालू केला की भार ४०० च्या वर जातो आणि सगळं तीन तासांत आटपतं. त्याच जागी ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावून फक्त काम केलं तर पाच तासांच्या आसपास मिळतात. घरात म्हातारी माणसं असतील, रात्रभर पंखा हवा असेल, तर हे दोन तास फार मोठे आहेत.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरच्या जातीची. स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देतो. त्यावर मोठा गेमिंग ॲडॉप्टर गुणगुणतो, जास्त तापतो, कधी इन्व्हर्टरच ओव्हरलोड दाखवून बंद होतो. कारण मोठ्या ॲडॉप्टरमध्ये वीज नीट ओढण्यासाठी जे सर्किट असतं, त्याला घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट लागते. छोट्या चार्जरला हा त्रास पुष्कळ कमी. नवा इन्व्हर्टर घेताना थोडे पैसे जास्त घालून गुळगुळीत लाटेचा, म्हणजे प्युअर साइन वेव्हच घ्या.

आणि लाइट दोन-तीन दिवस येणारच नसेल तर? दारात गाडी असेल तर तिच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा पीडी चार्जर मिळतो. ६५ वॉटच्या आसपासचा असला की गाडी चालू असताना लॅपटॉप भरतो. टाइप-सी नसलेल्या लॅपटॉपला ही वाट जवळजवळ बंदच असते.

पॉवर बँकेवर चालेल?

पीडी देणारी, ६५ वॉट किंवा जास्तीची असेल तर चालेल. २०००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॉट-तास. गळती वजा जाता साठेक पोचतात. ८० वॉट-तासांच्या लॅपटॉपची दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश बॅटरी भरेल. चिपीहून किंवा मोप्याहून विमानाने जाणार असाल तर १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेत न्यायला चालते, सामानात टाकायची नाही. लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९.९ वॉट-तासांवर का थांबतात, त्याचं कारणही हीच हद्द.

तुतारी किंवा मांडवी एक्स्प्रेसमध्ये सीटजवळच्या पॉइंटला मोठा ॲडॉप्टर लावावा का?

लावू नये. ते पॉइंट मोबाईल आणि साध्या लॅपटॉपपुरते असतात. सैल सॉकेटमध्ये किलोभर वजनाचा ॲडॉप्टर लोंबकळला की ठिणग्या उडतात, आणि एकाच्या भाराने कंपार्टमेंटचे पॉइंट बंद पडले तर सगळ्यांचाच खोळंबा. ६५ वॉटचा छोटा चार्जर लावा. बऱ्याच गाड्यांत रात्री पॉइंट बंद ठेवतात, तेव्हा आधीच भरून घ्या.

टाइप-सी लावल्यावर लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. शॉक आहे का?

सहसा धोक्याचा नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. दोन पिनांच्या चार्जरमधून अगदी थोडी वीज धातूच्या अंगावर येते. अनवाणी, ओलसर फरशीवर उभं असलं की ती जाणवते. तीन पिनांच्या मोठ्या ॲडॉप्टरवर हे होऊ नये. तिथेही होत असेल तर घराच्या अर्थिंगमध्ये खोट आहे. आपली जमीन जांभ्याची. पावसात पाण्याने भरलेली, पण मार्चनंतर खडखडीत कोरडी, आणि कोरड्या जांभ्यात अर्थिंग नीट बसत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता. जुनं चिऱ्याचं घर असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग एकदा मोजून घ्या. झिणझिण्यांऐवजी सणसणीत झटका बसला तर तो चार्जर त्याच क्षणी बाजूला ठेवा.

समुद्राजवळ राहतो. टाइप-सीचं भोक लवकर खराब होतं का?

हो, आणि हे मला रोज दिसतं. मालवण, वेंगुर्ले, देवगड अशा किनाऱ्यालगतच्या घरांतून आलेल्या लॅपटॉपांत पिनांवर हिरवट-पांढरा थर असतो. खारी, दमट हवा आणि त्यात चालू वीज, दोन्ही मिळून पिना खातात. बारीक पिना एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की थोडा ओलावाही त्यांना जोडतो. मग चार्जिंग चालू-बंद होतं, केबल उलटी लावली की चालते आणि सुलटी लावली की नाही. हे लक्षण दिसलं तर वेळ दवडू नका.

काळजी साधी आहे. ओल्या हाताने केबल लावू नका. चार्जिंग संपलं की केबल काढा. भोकात टाचणी, सुई घालू नका, मधली जीभ तुटते आणि ती तुटली की अख्खा पोर्ट बदलावा लागतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा आणि अर्धा तास सुकू द्या. पावसाळ्यात लॅपटॉप आठवडाभर बॅगेत बंद ठेवू नका. बुरशी आणि ओल दोन्ही तिथेच धरतात. रोज तासभर चालवला तरी आतल्या उबेने सुकतो.

विजा चमकताना चार्जिंगला ठेवू का?

काढा. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला, संध्याकाळी गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढा, इंटरनेटची वायरही काढा. हलकं काम असेल तर बॅटरीवर काही तास काढता येतात, तेवढ्यात वादळ निघून जातं.

याहून जास्त लॅपटॉप मात्र हाय व्होल्टेजने जातात. डीपीजवळ फांदी पडून न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, ४०० तो सोसत नाही. दिवे अचानक भगभगीत झाले किंवा पंखा पिसाटला की आधी मेन स्विच पाडा आणि महावितरणला कळवा. छोटा चार्जर जळाला तर नुकसान आवाक्यातलं असतं, म्हणून अशा दिवसांत मी स्वतः मोठा ॲडॉप्टर कपाटातच ठेवतो.

मोठा ॲडॉप्टर आणि टाइप-सी दोन्ही एकदम लावले तर ताकद वाढते?

नाही. लॅपटॉप त्यातला एकच निवडतो, बहुतेक वेळा मोठा. नुकसान नाही, फायदाही नाही.

रोज टाइप-सीवर चार्ज केल्याने बॅटरी लवकर जाते का?

टाइप-सीमुळे नाही. बॅटरी जाते उष्णतेने आणि सतत १०० टक्क्यांवर बसून राहिल्याने. लॅपटॉप कायम लावलेला असेल तर कंपनीच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. गादीवर ठेवून चार्ज करू नका. टाइप-सीवर कमी वॉट येतात, बॅटरी सावकाश भरते आणि कमी तापते. तापवून मारणारा प्रकार एकच: छोट्या चार्जरवर तासन्‌तास जड गेम, ज्यात बॅटरी एकीकडून उतरते आणि थोडी उसंत मिळाली की पुन्हा भरते.

शेवटी चार्जर कुठला घेऊ?

तुमचा लॅपटॉप टाइप-सीवर जास्तीत जास्त जेवढा घेतो, तेवढाच किंवा एक पायरी वरचा. १०० घेत असेल तर १०० चा. फक्त प्रवासात कामापुरता हवा असेल तर ६५ चा पुरतो आणि खिशात मावतो. गॅलियम नायट्राइडचे, म्हणजे ‘गॅन’ नावाने मिळणारे चार्जर तेवढ्याच वॉटला लहान असतात. दोन-तीन भोकं असलेल्या चार्जरवर एकट्या लॅपटॉपला किती आणि सोबत फोन लावल्यावर किती, हे वाचून घ्या. १०० चे बऱ्याचदा ६५ आणि ३० असे वाटे होतात, आणि दुसरं उपकरण लावताना लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतं.

चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुठल्या उत्पादकाचा ते कळतं. जत्रेत किंवा रस्त्यावर मिळणारा, हाताला अगदी हलका लागणारा ‘१२० वॉट’चा चार्जर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

काही जुन्या मॉडेलांत कंपनीचा स्वतःचा टाइप-सी चार्जर १३५ वॉट देतो आणि दुसऱ्या कंपनीचा १०० वर थांबतो, कारण ते वरचे ३५ वॉट त्या कंपनीची खासगी व्यवस्था असते. अशा लॅपटॉपला दुसरा चार्जर चालतो, फक्त थोडा हळू.

गणपतीला ॲडॉप्टर विसरलोय आणि आज रात्रीच काम जमा करायचंय. आत्ता काय करू?

लॅपटॉप बंद करा. घरात २० व्होल्ट लिहिलेला चार्जर आणि दोन्ही टोकं टाइप-सीची केबल शोधा. शेजारी कोणाकडे ऑफिसचा पातळ लॅपटॉप असेल तर त्याचा टाइप-सी चार्जर मागून आणा, तो बहुतेक वेळा ६५ वॉटचाच असतो. लॅपटॉपवरची सगळी टाइप-सी भोकं एकेक करून पाहा, मागच्या बाजूचंही. दिवा लागला की अर्धा तास तसाच भरू द्या, मग चालू करून सायलेंट मोड लावा, स्क्रीनचा उजेड कमी करा, रिफ्रेश रेट ६० वर आणा आणि कामाला बसा. कुठल्याच भोकात दिवा लागला नाही तर तुमचा लॅपटॉप टाइप-सीवर वीज घेणारा नाही असं धरा, उरलेली बॅटरी फक्त फाइल पेन ड्राइव्हवर काढण्यासाठी वापरा आणि पुढचं काम दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर करा.